घरच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर बसवायचाय? आधी हवा, वीज आणि पाण्याचा हिशेब

पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरची टाकी फुटली, छताचे पत्रे उडाले, कुणीतरी जबर जखमी झालं, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. तिच्यात कारण क्वचितच दिलेलं असतं. दरम्यान हाच कॉम्प्रेसर आता दुकानातून घराकडे निघालाय. दारात ट्रॅक्टर, ट्रॉली, दोन मोटरसायकली आणि जमलं तर एक चारचाकी, असं घर मराठवाड्यातल्या खेड्यांतही नवलाचं राहिलेलं नाही. उसाची ट्रॉली भरून उभी आहे, कारखान्यावर नंबर लावायचाय आणि नेमका एक टायर बसलाय. पंक्चरवाला फाट्यावर, तो दुकान उघडणार नऊला. असं दोन-तीनदा झालं की माणूस म्हणतो, घेऊनच टाकू एक.

मग दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो टाकी किती लिटरची. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर बराच मागे यायला हवा. आधी बघायचं ते यंत्र मिनिटाला हवा किती देतं. मग आपल्या घरची वीज त्याला ओढेल का. आणि मग त्यातलं पाणी कुठे जाणार. हवेच्या यंत्रात पाणी कुठून आलं, ते पुढे येईलच. टाक्या फुटण्याचं एक मोठं कारण तिथेच दडलंय.

आत नेमकं काय चालतं

घरगुती कॉम्प्रेसर हे फार साधं यंत्र आहे. मोटर पट्ट्याने पुली फिरवते आणि पुलीमागच्या हेडमध्ये पिस्टन खाली-वर होतो. खाली जाताना तो फिल्टरमधून बाहेरची हवा ओढून घेतो, वर येताना तीच दाबून टाकीत ढकलतो. टाकीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, म्हणजे आत गेलेली हवा माघारी येऊ न देणारी झडप. टाकीवरचा प्रेशर स्विच ठरलेल्या दाबाला मोटर बंद करतो आणि दाब उतरला की पुन्हा चालू करतो. बऱ्याच घरगुती यंत्रांत ८ बारला बंद आणि ६ बारला चालू अशी सोय असते.

बार हे दाबाचं माप. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. पंक्चरवाला 'पुढं बत्तीस, मागं पस्तीस' म्हणतो ते पीएसआय. काही मीटरवर किलो लिहिलेलं असतं. किलो आणि बार यांत फरक इतका थोडा आहे की घरच्या कामाला दोन्ही एकच धरले तरी चालतं. दुसरं माप सीएफएम, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा. १ घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. एवढे शब्द कळले की दुकानदाराशी बोलायला पुरे.

आता बोअर आणि गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. बोअरची धार करंगळीएवढी असेल तर वर पाच हजार लिटरची टाकी बांधूनही पाणी वाढत नाही. फक्त रात्रभर साठवलेलं सकाळी एकदम वापरता येतं. नळ चालूच ठेवला तर टाकी संपते आणि मग पुन्हा करंगळीएवढीच धार उरते. कॉम्प्रेसरचं हेड म्हणजे तो बोअर. सीएफएम ही त्याची धार आणि बार म्हणजे टाकीची उंची, ज्याच्यावर नळाचा जोर ठरतो.

आकड्यांत बघा. ५० लिटरची टाकी ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत तिच्यातून किती हवा निघते? दोन बार गुणिले पन्नास, म्हणजे १०० लिटर मोकळी हवा. रंगाची मोठी स्प्रे गन ८ सीएफएम खाते, म्हणजे मिनिटाला सव्वादोनशे लिटर. टाकीतला साठा अर्ध्या मिनिटाच्या आतच संपला. त्यापुढे गनला जे मिळणार ते हेड जेवढं देईल तेवढंच. शंभर लिटरची टाकी घेतली तर अर्ध्या मिनिटाचं एक मिनिट होईल, एवढाच फरक.

मग आपल्याला हवा लागते किती?

टायरला फार लागत नाही. कारचा टायर २० वरून ३३ पीएसआयवर न्यायला साधारण तीसेक लिटर हवा पुरते. ट्रॅक्टरचा मागचा टायर दिसायला मोठा असला तरी त्यात दाब कमी ठेवतात, १२ ते २० पीएसआयच्या दरम्यान. पोकळी मात्र दोनशे-अडीचशे लिटरची. म्हणजे पूर्ण बसलेला टायर उठवायला दोन-अडीचशे लिटर हवा. छोटं यंत्रही हे काम करतं, फक्त वेळ जास्त घेतं. ट्रॉलीच्या टायरला दाब बराच जास्त लागतो, तरी ८ बारच्या यंत्राच्या आवाक्यातलं आहे. नेमका आकडा टायरवर छापलेला असतो, तोच पाळावा.

रेडिएटरची जाळी, एअर फिल्टर, इंजिनवरची धूळ उडवणं, नटबोल्ट सोडायची हवेची गन, ही कामं थांबत थांबत होतात. त्यांना साठा उपयोगी पडतो, कारण मधल्या वेळात हेड भरपाई करून घेतं. याउलट रंगकाम आणि घासायची मशीन यांना सलग हवा लागते. तिथे साठ्याचा उपयोग नाही, धारच लागते.

ढोबळ हिशेब असा: एका एचपीमागे पाटीवरचे ३ ते ४ सीएफएम. टायर आणि साफसफाई एवढंच असेल तर १ एचपी पुरे, उगाच मोठं घेऊ नये. ट्रॅक्टर-ट्रॉली आणि हवेची गन असेल तर २ एचपी. गाडीची पूर्ण बॉडी रंगवायची असेल तर ३ एचपी किंवा त्याहून मोठं, आणि तिथे सिंगल फेजचा विषय अवघड होत जातो. माझं मत विचाराल तर वर्षातून एकदा रंग मारायचा म्हणून कुणी ३ एचपी घेऊ नये. ते काम पेंटरकडेच स्वस्तात होतं.

दुकानदार सांगतो ते सीएफएम खरे का?

पाटीवर बहुतेक वेळा मोठा आकडा लिहिलेला असतो, तो पिस्टन एका मिनिटात किती जागा झाडतो त्याचा. टाकीत प्रत्यक्ष पोचणारी हवा त्याहून बरीच कमी असते. पिस्टन वर आल्यावरही थोडी हवा वरच्या फटीत अडकून राहते, झडपांतून थोडी गळते, थोडी तापून फुगते. म्हणून विचारताना 'फ्री एअर डिलिव्हरी किती?' असं विचारा. उत्तर गोलमाल आलं तर घड्याळ लावा.

टाकीतली हवा सोडून दाब ४ बारवर आणा, आउटलेट बंद करा, यंत्र चालू करा आणि काटा ७ वर जाईपर्यंतचा वेळ मोजा. टाकीचे लिटर गुणिले वाढलेले बार, भागिले मिनिटं. १०० लिटरच्या टाकीला ४ ते ७ जायला दोन मिनिटं लागली तर १०० गुणिले ३ भागिले २, म्हणजे मिनिटाला १५० लिटर, म्हणजे ५.३ सीएफएम. २ एचपीच्या साध्या यंत्राने एवढं दिलं तर ते चांगलं मानावं, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो. हा आकडा यंत्राच्या अंगावर ऑइल पेंटने लिहून ठेवा. दोन वर्षांनी पुन्हा मोजलं आणि वेळ दुप्पट लागला, तर रिंगा किंवा झडपा गेल्या हे कुणी सांगायची गरज नाही.

विजेचं काय? आमच्याकडं व्होल्टेजच नसतं

इथे मात्र थांबून बघायला हवं, कारण आपल्या भागात घरगुती कॉम्प्रेसर मरतो तो बहुधा विजेने.

२ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना ९-१० अँपिअर घेते. सुरू होताना मात्र क्षणभर पाच-सहा पट, म्हणजे ५० अँपिअरच्या पुढे. आणि मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या, म्हणजे व्होल्टेज गुणिले व्होल्टेजच्या, प्रमाणात बदलतो. २३० व्होल्टला जो जोर, त्याच्या १९० ला फक्त ६८ टक्के राहतो. व्होल्टेज १७ टक्के पडलं आणि जोर ३२ टक्के गेला. पंखा अशा विजेवर हळू का होईना फिरतो, कारण त्याच्यापुढे अडथळा नसतो. कॉम्प्रेसरच्या पिस्टनला मात्र पहिल्याच फेरीत हवा दाबायची असते. मग मोटर नुसती घुमते, फिरत नाही, आणि मिनिटाभरात वाइंडिंगचा वास येतो. मोटर भरून आणायचा खर्च त्यात आला.

यात घरातली वायर भर घालते. समजा बोर्डापासून शेड ३० मीटरवर आहे आणि तिथवर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली. जाऊन-येऊन ६० मीटर. सुरुवातीच्या ५० अँपिअरला त्या वायरीतच ३६ व्होल्ट पडतात. डीपीवरून आधीच २०० येत असतील तर मोटरला मिळाले १६४ आणि जोर उरला निम्मा. तिथेच ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर फक्त १४ व्होल्ट पडतात. वायरमनला हे सांगावं लागतं, नाहीतर तो हाताशी असेल ती वायर ओढून मोकळा होतो. एक्स्टेंशन बोर्डावर कॉम्प्रेसर लावायचा विचार तर सोडूनच द्या. लांब जायचंच असेल तर वायर लांबवू नका, हवेची पाइप लांबवा. ती स्वस्तही पडते.

स्टॅबिलायझर लावला तर चालेल का? चालेल, पण तो सुरुवातीचा झटका सोसणारा हवा. टीव्ही-फ्रीजचा स्टॅबिलायझर इथे टिकत नाही. घरचा इन्व्हर्टर तर विसराच.

आता एक बारकावा, जो मेकॅनिकही अनेकदा सांगत नाहीत. यंत्र ८ बारला आपोआप बंद होतं तेव्हा 'फस्स' असा आवाज येतो, तो ऐकलाय ना? त्या क्षणी प्रेशर स्विचला जोडलेला अनलोडर, म्हणजे एक चिमुकली झडप, हेड आणि टाकी यांच्यामधल्या नळीतली हवा बाहेर सोडते. त्यामुळे पुढच्या वेळी मोटर मोकळ्या पिस्टनवर सुरू होते. पण यंत्र चालू असताना लाइट गेली तर प्रेशर स्विच 'चालू'लाच राहतो आणि फस्स होतच नाही. तासाभराने लाइट येते, तीही बहुधा कमी व्होल्टेजने, आणि मोटरला भरल्या दाबावर उठावं लागतं. ती उठत नाही. तेव्हा लाइट गेली की लगेच प्रेशर स्विचचं बटण हाताने बंद करा आणि फस्स ऐकूनच बाजूला व्हा. एरवीही यंत्र भिंतीवरच्या बटणाने बंद करू नये, याच कारणाने.

थ्री फेज असेल तर व्होल्टेजची चिंता कमी, दुसरी असते. डीपी बदलली किंवा लाइनमनने जंप पुन्हा बांधले की फेजचा क्रम उलटू शकतो आणि मोटर उलटी फिरते. कॉम्प्रेसर उलटा फिरूनही हवा भरतो, म्हणून लक्षात येत नाही. पण पुलीच्या आऱ्या म्हणजेच हेडचा पंखा. उलट्या फिरल्या की हेडवर वारा यायचा तो येत नाही आणि हेड तापत राहतं. पुलीवर किंवा जाळीवर बाण असतो, लाइनचं काम झालं की तो एकदा बघावा.

याशिवाय १६ अँपिअरचं सॉकेट, मोटरच्या झटक्याने उगाच न पडणारा सी प्रकारचा एमसीबी, करंट गळाला की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खरंखुरं अर्थिंग. उन्हाळ्यात जमीन वाळते तसा अर्थिंगचा खड्डाही वाळतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी टाकत राहावं. वीजबिलाची भीती मात्र अनाठायी आहे. २ एचपी तासभर सलग चालला तर दोनेक युनिट जातात, आणि घरी तासभर सलग तो कशाला चालतोय! पण गावच्या गाड्यांना पैसे घेऊन हवा भरायला लागलात तर गोष्ट वेगळी. घरगुती मीटरवर धंदा चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.

ठेवायचा कुठे?

सावलीत, सपाट जागेवर, पुलीची बाजू भिंतीपासून निदान हातभर लांब. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी आतलं तापमान बाहेरच्याहून चढं असतं. आधीच तापणाऱ्या यंत्राला तिथे कोंडू नये, समोरासमोर दोन झरोके तरी ठेवावेत. पायांखाली रबरी गुटके द्यावेत. टाकी काँक्रीटला बोल्टने घट्ट आवळू नये, कारण थरथर जिरायला जागा राहत नाही आणि पायांच्या वेल्डिंगला चिरा जातात.

सोयाबीनची रास चालू असेल तेव्हा यंत्र झाकून ठेवा. मळणीचा भुसा आणि काळ्या मातीची धूळ फिल्टरमध्ये बसली की हेडचा श्वास अडतो, सीएफएम घटतात आणि हेड तापतं. फिल्टर काढून झटकायला दोन मिनिटं लागतात. थिनरचा रंग मारताना यंत्र त्या खोलीत नको. प्रेशर स्विचमध्ये दर वेळी ठिणगी पडते आणि थिनरच्या वाफेला तेवढी पुरते.

आवाज ८०-९० डेसिबलच्या घरात जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेतवस्तीवर कुणी विचारत नाही. लातूर-नांदेडच्या कॉलनीत शेजारचे काका विचारतील.

हवेच्या टाकीत पाणी येतं कुठून?

हवेत वाफ असतेच. हवा दाबून आठपट लहान जागेत कोंबली की तेवढ्या जागेत तेवढी वाफ मावत नाही. ती पाणी होऊन खाली बसते. श्रावणातला एखादा दमट दिवस धरा, ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता. त्या हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये २४ ग्रॅम वाफ असते. ७ बारला दाबल्यावर त्यातली जेमतेम ४ ग्रॅम हवेत राहू शकते, उरलेल्या २० ग्रॅमचं पाणी होतं. मघाचं मिनिटाला १५० लिटरवालं यंत्र तासभर चाललं तर ९ घनमीटर हवा, म्हणजे १८० ग्रॅम पाणी. पेलाभर.

उन्हाळ्यात हवा कोरडी म्हणून पाणी येत नाही, असं कुणी म्हणालं तर तेही खरं नाही. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेलाही तासाला तीस-पस्तीस ग्रॅम निघतंच.

हे पाणी टाकीच्या पोटाशी साचतं, जिथे कुणी बघत नाही. वरून टाकी नव्या रंगाने लखलखते आणि आत तळाचा पत्रा महिन्यामहिन्याने पातळ होत जातो. एके दिवशी त्या पातळ जागेला ८ बार पेलवत नाही. बातमीत न छापलेलं कारण अनेकदा एवढंच असतं.

उपाय फुकटचा आहे. काम संपलं की दाब एक-दोन बारवर आणायचा आणि टाकीच्या बुडाचा ड्रेन कॉक हळूच सैल करायचा. आधी नुसती फुसफुस होते, मग कॉक थुंकल्यासारखं करतो आणि दुधाळ, तेलकट पाणी येतं. ते हेडचं थोडं तेल मिसळल्यामुळे. पुढे कोरडी हवा आली की बंद. पाणी वीटकरी रंगाचं यायला लागलं, बोटांत चोळल्यावर रवाळ लागलं, तर ते तुमच्या टाकीचं लोखंड आहे. कॉक अशा अडचणीच्या जागी असतो की वाकायचा कंटाळा येतो. म्हणून तिथे एक एल्बो, वीतभर लोखंडी पाइप आणि बॉल व्हॉल्व्ह लावून तो बाहेरच्या बाजूला आणून घ्यावा. पन्नास सूचनांपेक्षा या एका जोडणीने टाकी जास्त जगते, कारण मग पाणी खरंच रोज सोडलं जातं.

थोडी वाफ गरम हवेबरोबर टाकीतून पुढे निसटते आणि पाइपमध्ये थंड होऊन पाणी होते. रंग मारताना गन मधेच पाणी फेकते ती त्यामुळे. त्यासाठी यंत्रापासून थोडं लांब, पाइप थंड होईल अशा जागी फिल्टर-रेग्युलेटर, म्हणजे पाणी गाळणारी आणि दाब हवा तेवढा उतरवणारी जोडी, लावतात. रेग्युलेटर टायरसाठीही हवाच. मोटरसायकलच्या टायरवर थेट ८ बार सोडायचे नसतात.

'दहा किलोची पीव्हीसी पडलीय की शेतात, तीच वापरतो'

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा विचार, आणि सगळ्यात धोक्याचा. पाइपवर १० किलो छापलंय, कॉम्प्रेसर ८ किलोचा, मग बिघडलं कुठे?

पहिलं म्हणजे ते १० किलो पाण्यासाठी आणि २७ अंश तापमानासाठी आहेत. पीव्हीसी तापलं की मऊ पडतं आणि ताकद बरीच उतरते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली २७ अंश कुठून आणायचे? दुसरं म्हणजे पाणी दबत नाही. पाण्याची पाइप फुटली तर चिळकांडी उडते आणि क्षणात दाब संपतो. हवा मात्र दाबून कोंबलेली असते. तेवढ्याच जागेत, तेवढ्याच दाबाला तिच्यात पाण्याच्या हजारो पट ऊर्जा साठते आणि फुटताना ती सगळी एकदम सुटते. तिसरं म्हणजे पीव्हीसी फाटत नाही, तडकतं. धारदार तुकडे होऊन उडतं. कायमची लाइन टाकायची तर जीआय किंवा तांबं, नाहीतर मग दोऱ्याची वीण असलेली रबरी होज किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पाइप आणि झटकन जोडता-सोडता येणारा क्विक कपलर. लोखंडी लाइनला किंचित उतार द्यावा आणि शेवटी पाणी सोडायला कॉक ठेवावा.

पहिल्यांदा चालू करताना

आधी तेल. हेडच्या बुडाशी गोल काच असते, तिच्यातल्या लाल ठिपक्याच्या मधोमध तेल दिसायला हवं. काही यंत्रं कोरडीच पाठवतात, त्यामुळे पेटी फोडून लगेच बटण दाबू नये. तेल कॉम्प्रेसरचंच घ्यावं, शक्यतो व्हीजी १०० दाटपणाचं. मोटरसायकलचं उरलेलं इंजिन ऑइल ओतायचा मोह होतो. पण हेडमधून निघणारी हवा शंभर अंशांच्या बरीच वर तापलेली असते, त्या तापात इंजिन ऑइलमधली रसायनं झडपांवर काजळी धरतात आणि पाणीही तेलात मिसळून राहतं. नव्या यंत्राचं पहिलं तेल लवकर बदलावं, पुस्तिकेत तास दिलेले असतात.

मग ड्रेन कॉक आणि आउटलेट उघडे ठेवून यंत्र पंधरा-वीस मिनिटं बिनदाबाचं फिरू द्या. पट्टा मधोमध बोटाने दाबून सेंटीमीटरभर लवतो का बघा. त्यानंतर सगळं बंद करून दाब भरू द्या आणि यंत्र कितीला बंद होतं ते टिपून ठेवा. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे गळती. बंद झाल्यावरही अनलोडरमधून सुस्कारा चालूच राहिला तर अनलोडर फेकून देऊ नका. दोष बहुधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये असतो, त्याच्या बैठकीवर कचरा आलेला असतो.

पिस्टनचं यंत्र दिवसभर सलग चालवण्यासाठी नसतं. अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ विश्रांती, एवढं पाळावं. ते थांबतच नसेल तर एक तर गळती आहे किंवा तुमचं काम त्याच्या धारेपेक्षा मोठं आहे.

'दुकानवाले वर्षानुवर्षं चालवतात, त्यांना काही होत नाही'

बहुतेकांना होत नाही, हे खरं. कारण टाकीवर पितळेचा एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. प्रेशर स्विच चिकटला आणि मोटर थांबलीच नाही, तर ठरलेल्या दाबाला तो उघडतो आणि जादा हवा सोडतो. महिन्यातून एकदा त्याची कडी ओढून बघायची, हवा सुटली आणि कडी सोडल्यावर परत बसली की झालं. घात होतो तो इथे: व्हॉल्व्ह थोडा गळायला लागतो, हवा वाया जाते म्हणून कुणीतरी तिथे बोल्ट आवळून भोक बंद करतो. यंत्र मस्त चालतं. प्रेशर स्विच बिघडेपर्यंत.

कारखान्यात अशा दाबाच्या टाक्यांसाठी कायदा आहे आणि नियमांप्रमाणे त्यांची ठरावीक मुदतीने तपासणी करून घ्यावी लागते. वाळूजच्या कंपनीत ज्या टाकीला रजिस्टर असतं, तसलीच टाकी घरी आली की तिला विचारणारं कुणी नाही. मग तपासणीची तारीख घालून ठेवणं घरच्यांकडेच आलं.

आणि अंगावर हवा मारणं. शेतातून आलं की कपड्यांवरची धूळ ब्लो गनने उडवायची सवय लागते, पोरं बघतात आणि तेच करतात. गनच्या तोंडाशी दाब इतका असतो की जखमेतून हवा कातडीखाली शिरू शकते, डोळ्यात कण घुसतो, कानाचा पडदा जातो. कारखान्यांत चेष्टेत एखाद्याच्या गुदद्वारावर हवा मारली आणि आतडं फाटून माणूस गेला, अशा घटना आपल्या देशात एकदा नव्हे, अनेकदा घडल्या आहेत. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी वस्तू साफ करायलाही ३० पीएसआयहून कमी दाबाचा नियम आहे, आणि तोही चष्मा लावून. मुलं घरात असतील तर काम झाल्यावर टाकी रिकामी करून ठेवावी.

जुना मिळतोय, अर्ध्या किमतीत. घ्यावा?

हेड जुनं असलं तरी हरकत नाही, त्याच्या रिंगा-झडपा बदलता येतात. मोटर भरता येते. टाकीचं तसं नाही. बारीक भोक पडलेल्या टाकीला गावात लगेच वेल्डिंग मारून देतात, पण भोक पडलं म्हणजे आसपासचा पत्राही तेवढाच पातळ झालाय. त्यावर टाका मारणं म्हणजे फुटायची तारीख पुढे ढकलणं. अशी टाकी भंगारातच घालावी. स्वयंपाकाच्या गॅसच्या जुन्या सिलिंडरला फ्रीजचा कॉम्प्रेसर जोडलेली यंत्रंही विकायला येतात. तो सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचा असतो, त्याला बुडाशी ड्रेन नसतो, आणि फ्रीजचं हेड इतकी कमी हवा देतं की ट्रॅक्टरच्या टायरपुढे बसून चहा गार होतो.

जुनं घ्यायचंच तर आधी ड्रेन उघडून पाण्याचा रंग बघा. टाकीवर कामाचा दाब, टेस्टचा दाब आणि साल कोरलेली पाटी आहे का बघा. पाटी काढून टाकलेली असेल तर पुढे बोलायचं कारण नाही. मग हायड्रो टेस्ट मागा. टाकीत हवेऐवजी काठोकाठ पाणी भरतात आणि हातपंपाने दाब कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट नेऊन धरतात. ८ बारच्या टाकीला १२. टाकी कच्ची असेल तर झिरपते किंवा फाटते आणि पाणी सांडतं, बाकी काही होत नाही. हे काम औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे होऊ शकतं. विकणारा टेस्टला तयार झाला नाही, तर हेड आणि मोटरचा भाव वेगळा ठरवा आणि टाकीचा भंगाराच्या वजनाने.